बाजारपट्ट्याचा भू-वापर आराखडा आणि आपली हरकत: बेळगाव परिसरातील नागरिकांसाठी पूर्वतयारीपासून अंतिम मंजुरीपर्यंतचा क्रम

मास्टर प्लॅनचा, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या भू-वापर आराखड्याचा, मसुदा प्रसिद्ध होणार अशी कुणकुण लागली की आपल्या भागात आधी सह्यांची मोहीम निघते, मग सभा होते, मग मोर्चा, आणि मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत एकाच छापील मजकुराचे गठ्ठेच्या गठ्ठे कार्यालयात जमा होतात. या साऱ्या धावपळीत नकाशा फार थोड्यांनी पाहिलेला असतो आणि त्यावर आपला सर्वे नंबर शोधणारे त्याहूनही थोडे असतात. परिणामी हरकत नोंदली जाते, पण तिच्यावरून नकाशातील कोणती रेघ कुठे सरकवायची हे कोणालाच कळत नाही आणि ती निकाली निघते. हा क्रम उलटा व्हायला हवा: आधी जमिनीवरची पाहणी, मग नकाशा, मग बैठक आणि सर्वांत शेवटी सही.

हे मार्गदर्शन शहराच्या कडेला वाढलेल्या बाजारपट्ट्यांसाठी आहे. खानापूर रोडवर उद्यमबागपासून पिरनवाडी आणि मच्छेपर्यंतचा पट्टा, हिंडलगा आणि कंग्राळीकडचे रस्ते, अनगोळ आणि वडगावातील बाजाराच्या गल्ल्या ही त्याची ओळखीची उदाहरणे होत. अशा ठिकाणी पुढे दुकान, मागे राहते घर, शेजारी वर्कशॉप आणि घराच्या परसाला लागून भाताचे शेत अशी सरमिसळ असते. नकाशावर या सरमिसळीला एकाच वापराचा एकच रंग दिला जातो आणि बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच सापडते.

## १. आपली जागा कोणाच्या हद्दीत येते, ते प्रथम ठरवा

कर्नाटकात भू-वापराचा आराखडा कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा, १९६१ नुसार तयार होतो. बेळगाव शहर आणि त्याच्या नियोजन क्षेत्रातील गावांसाठी हे काम बेळगाव नगर विकास प्राधिकरण, म्हणजे आपण ज्याला बुडा म्हणतो ते कार्यालय करते. महापालिका, नगरपंचायत किंवा ग्रामपंचायत घरपट्टी घेते, दिवाबत्ती पाहते, इमारतीचा परवाना देते. परंतु नकाशावर रंग ठरवण्याचे काम तिचे नाही. पंचायतीकडे दिलेली हरकत पुढे पाठवली जाईल या भरवशावर मुदत निघून जाते, असे वारंवार घडते.

कॅम्प भाग कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे आहे, त्यामुळे त्याचे नियम वेगळे. जिल्ह्यातील इतर शहरांत बुडाचा संबंध येत नाही. तेथे आपल्या गावासाठी नियोजन प्राधिकरण कोणते, आणि गाव स्थानिक नियोजन क्षेत्रात मुळात येते का, हे तालुक्याच्या ठिकाणी विचारून लेखी उत्तर घ्यावे.

त्यानंतर प्रक्रिया कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहावे. आराखडा करण्याचा संकल्प जाहीर होणे (कलम १०), सध्याच्या वापराची पाहणी, शासनाची तात्पुरती मंजुरी, मसुद्याची प्रसिद्धी आणि नागरिकांचे म्हणणे मागवणे, प्राधिकरणाच्या शिफारशी आणि मग अंतिम मंजुरी (कलम १३) असा साधारण क्रम असतो. दर दहा वर्षांनी किमान एकदा आराखड्याचा फेरविचार व्हावा अशीही कायद्यात तरतूद आहे.

तपासा: जो कागद हाती आला आहे तो संपूर्ण मास्टर प्लॅनचा मसुदा आहे, की एखाद्याच सर्वे नंबरच्या वापरबदलाची नोटीस? पहिल्यासाठी प्रसिद्धीपासून ६० दिवस मिळतात. दुसरी कलम १४-अ खाली येते आणि तिची मुदत जाहिरातीत दिलेली असते. ती १५ दिवसांपेक्षा कमी असू शकत नाही, पण अनेकदा तेवढीच असते.

## २. नोटीस येण्याआधी जमवायचे कागद

साठ दिवस पुरेसे वाटतात, पण एकेका उताऱ्यासाठी आठवडा गेला की ते पुरत नाहीत. म्हणून पुढील कागद आधीच फाईलला लावून ठेवावेत.

शेतजमिनीसाठी चालू आरटीसी, म्हणजे आपल्याकडे ज्याला पहाणी पत्रक किंवा नुसता उतारा म्हणतात तो. शहरातील जागेसाठी सीटीएस, म्हणजे सिटी सर्व्हेचा उतारा. पंचायत हद्दीतील घरासाठी ई-स्वत्तूचा (पंचायत मिळकतींच्या संगणकीय नोंदीचा) नमुना ९ किंवा ११. जमीन बिनशेती झाली असल्यास जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, लेआऊट मंजूर असल्यास त्याचा नकाशा, आणि दुकान किंवा वर्कशॉप असल्यास व्यवसाय परवाना व जुने वीजबिल. व्यवसाय किती वर्षांपासून चालू आहे हे दाखवायला जुन्या वीजबिलाइतका उपयोगी कागद क्वचितच दुसरा असतो, त्यामुळे जुनी बिले रद्दीत टाकू नयेत. आपण उभे आहोत तो सर्वे नंबर कोणता हे राज्य भूमापन खात्याच्या दिशांक अॅपवर दिसते. प्राथमिक अंदाजासाठी ते उत्तम आहे, परंतु हद्दीच्या वादात त्याचा आधार घेता येत नाही. तेथे मोजणीचाच नकाशा लागतो.

याशिवाय सध्या लागू असलेल्या आराखड्याचा नकाशा, त्याचा अहवाल आणि झोनिंग नियमावली (कोणत्या विभागात कोणता वापर चालतो याचे नियम) या तिन्हींच्या प्रती मिळवाव्यात. मंजूर आराखड्याची प्रत नियोजन प्राधिकरणाच्या कार्यालयात लोकांना पाहण्यासाठी कायम उपलब्ध ठेवणे कायद्याने आवश्यक आहे. प्रत मिळण्यास अडचण आली तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. त्याची फी १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर सर्वसाधारणपणे १५० शब्दांपेक्षा अधिक नसावा. एकाच अर्जात दहा प्रश्न विचारल्यामुळे अर्ज परत येतो आणि महिना फुकट जातो.

सावधान: उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव असेल तर वारसा नोंदीचे काम लगेच सुरू करावे. भू-वापरावर म्हणणे मांडण्यासाठी जमिनीची मालकी लागत नाही, कायदा कोणत्याही नागरिकाला ती मुभा देतो. परंतु पुढे संपादनाचा किंवा परवान्याचा प्रश्न आला की नाव नसणे नडते. भाऊबंदकीचा वाद मात्र या हरकतीत अजिबात आणू नये.

## ३. पट्ट्याची प्रत्यक्ष पाहणी

सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्यावा. तो वगळला तर पुढील सर्व टप्पे पोकळ राहतात, कारण नकाशा चुकला आहे असे म्हणण्यासाठी जमिनीवर काय आहे याची नोंद हाती असावी लागते.

पाहणीसाठी पट्ट्याचे लहान तुकडे करावेत: एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंतची एक बाजू म्हणजे एक तुकडा. प्रत्येक तुकड्यासाठी दोन माणसे पुरतात, पण त्यांपैकी एकाला कन्नड चांगले बोलता यावे. बाजारात मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारे सारेच व्यवसाय करतात आणि निम्म्या दुकानांना वगळून केलेली पाहणी कोणाच्याच उपयोगाची नसते.

प्रत्येक मिळकतीसाठी वहीत तीन रकाने ठेवावेत. पहिल्यात आज प्रत्यक्ष काय चालू आहे: तळमजल्यावर किराणा, वर कुटुंब, मागे गोठा असे तपशीलवार. दुसऱ्यात कागदोपत्री काय मान्य आहे: शेती, निवासी बिनशेती, व्यापारी परवाना. तिसरा रकाना रिकामा ठेवावा. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर त्यात प्रस्तावित वापर लिहायचा आहे. या तीन रकान्यांत जिथे फरक पडतो तिथेच हरकतीला जागा असते. तिन्ही रकाने जुळत असतील तर त्या मिळकतीसाठी कागद खर्चण्याची गरज नाही.

मिळकतींच्या नोंदीबरोबर चार गोष्टी मोजाव्यात.

पहिली, वर्दळ. नेहमीचा कामाचा दिवस, रविवार आणि गणपती किंवा दिवाळीच्या आधीचा एखादा दिवस निवडून सकाळी ८ ते १० आणि सायंकाळी ५ ते ८ या वेळात दर पंधरा मिनिटांनी पायी जाणारे, दुचाकी, चारचाकी आणि मालवाहू गाड्या वेगवेगळ्या मोजाव्यात. केवळ सणाच्या दिवसाचे आकडे देऊ नयेत; समोरचा अधिकारी पहिला प्रश्न तोच विचारतो.

दुसरी, गाड्या उभ्या राहण्याची आणि माल उतरवण्याची जागा. घाऊक दुकानासमोर टेम्पो किती वेळ उभा असतो, तेव्हा रस्त्याची किती रुंदी उरते आणि शाळा सुटण्याची वेळ त्याच सुमारास येते का, हे लिहून ठेवावे.

तिसरी, पाणी. आपल्या भागात हा मुद्दा बाजाराइतकाच महत्त्वाचा आहे. बळ्ळारी नाल्याचे पाणी पावसाळ्यात शहापूर, वडगाव आणि येळ्ळूरच्या शिवारात पसरते आणि उभे भात पाण्याखाली जाते, हे तेथील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. परंतु नकाशा करणारा उन्हाळ्यात येतो आणि त्याला कोरडी, सपाट, रस्त्यालगतची जमीन दिसते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पाणी कुठवर चढले त्याची खूण भिंतीवर किंवा खांबावर करावी, तारखेसह फोटो घ्यावेत, आणि नाला, ओढा, मोरी व पाणंद यांच्या जागा कच्च्या नकाशावर दाखवाव्यात. भरावासाठी किती उंचीची माती टाकली गेली आणि त्यानंतर पाणी कोणाच्या शेतात वळले, हेही लिहावे.

चौथी, रस्त्यावरचे विक्रेते. भाजीवाल्या, फुलवाल्या, हातगाड्या यांची जागा आणि वेळ नोंदवावी. पथविक्रेता कायदा, २०१४ नुसार नगर विक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात आणि विक्रेत्यांसाठीच्या जागांचा आराखडा स्थानिक संस्थेने नियोजन प्राधिकरणाशी सल्लामसलत करून करायचा असतो. मास्टर प्लॅनच्या चर्चेत ही माणसे जवळपास कधीच नसतात, आणि पुढे रस्ता रुंद झाला की सर्वांत आधी उठवली जातात. त्यांची नोंद आपल्या वहीत असली पाहिजे.

सावधान: पाहणीत आधार क्रमांक, उत्पन्न किंवा भाड्याचा आकडा विचारू नये. लोक बिचकतात, आणि त्या माहितीचा येथे उपयोगही नाही.

## ४. बैठका कोणत्या क्रमाने घ्याव्यात

एकदम मोठी सभा घेऊ नये. मोठ्या सभेत ज्यांचा आवाज मोठा त्यांचेच म्हणणे नोंदले जाते, आणि रस्त्यालगत जमीन असलेला मालक व मागच्या गल्लीतील भाडेकरू यांचे हित एकच आहे असा समज करून घेतला जातो, जो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

आधी गटवार छोट्या बैठका घ्याव्यात: दुकानदारांची रात्री दुकाने बंद झाल्यावर, शेतकऱ्यांची सुगी सोडून, महिला मंडळाची दुपारी, भाडेकरूंची आणि विक्रेत्यांची स्वतंत्र. प्रत्येक ठिकाणी नकाशा समोर पसरून तीनच प्रश्न विचारावेत: काय राहिले पाहिजे, काय येऊ नये, आणि काय हवे पण आज नाही. महिलांच्या बैठकीत रात्रीचा उजेड, स्वच्छतागृह, बसथांब्यापर्यंतची पायवाट हे मुद्दे पुढे येतात, जे पुरुषांच्या बैठकीत तासभर बोलूनही निघत नाहीत.

या बैठकांनंतर एकत्रित बैठक घ्यावी. त्यात मतभेद मिटवण्याचा आग्रह धरू नये. जिथे एकमत आहे ते मुद्दे सामूहिक अर्जात आणि जिथे नाही ते ज्याच्या त्याच्या स्वतंत्र अर्जात जावेत. पंचायत हद्दीत असाल तर ग्रामसभेपुढे विषय ठेवून ठराव घ्यावा आणि पीडीओंकडून (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडून) त्याची प्रमाणित प्रत घ्यावी. हा ठराव प्राधिकरणावर बंधनकारक नसला तरी हरकतीला जोडल्यास तिचे वजन वाढते.

## ५. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर नकाशा कसा वाचावा

नोटीस बहुधा कन्नडमध्ये असते. पुढील शब्द ओळखता आले तरी निम्मे काम होते: महायोजने म्हणजे मास्टर प्लॅन, आक्षेपणे म्हणजे हरकत, सलहे म्हणजे सूचना, भू उपयोग म्हणजे जमिनीचा वापर, वसती म्हणजे निवासी, वाणिज्य म्हणजे व्यापारी, कैगारिके म्हणजे औद्योगिक, केरे म्हणजे तळे आणि हळ्ळ म्हणजे ओढा. संपूर्ण नोटीस मात्र जाणकाराकडून वाचूनच घ्यावी, कारण मुदत आणि पत्ता यांत चूक झाली तर ती भरून निघत नाही.

नकाशा पाहताना प्रथम त्याच्या कोपऱ्यातील रंगसूची वाचावी. निवासी भाग पिवळा आणि व्यापारी भाग निळा असणे सर्वसाधारण आहे, पण अंदाजाने रंग ठरवू नये. त्यानंतर प्रमाण पाहावे. १ : १०,००० प्रमाणाच्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर १० मीटर होतात, म्हणजे पेन्सिलची जाड रेघसुद्धा एक घर गिळू शकते. मोबाईलवर आलेल्या फोटोवरून आपले घर रस्त्यात गेले किंवा वाचले असा निष्कर्ष काढू नये. कार्यालयात जाऊन मूळ नकाशाच पाहावा आणि शंका असेल तर सर्वे नंबरनिहाय मोठ्या प्रमाणाचा भाग मागावा.

रस्ता रुंदीकरणाचा हिशेब स्वतः करून पाहावा. आजचा रस्ता १२ मीटर आणि प्रस्तावित २४ मीटर असेल, आणि रुंदी दोन्ही बाजूंनी सारखी घेतली जाणार असेल, तर प्रत्येक बाजूला ६ मीटर जातात. तीस फूट, म्हणजे सुमारे ९.१४ मीटर दर्शनी रुंदीच्या जागेतून सुमारे ५५ चौरस मीटर, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून थोडी अधिक जमीन जाते. एक गुंठा १,०८९ चौरस फूट आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे सर्वांना ठाऊक असते, पण मीटरचा गुंठा करताना घोळ होतो, म्हणून हिशेब कागदावरच करावा.

झोनिंग नियमावली न वाचता रंगावर हरकत घेऊ नये. प्रत्येक झोनमध्ये थेट परवानगी असलेले वापर आणि प्राधिकरणाने विशेष परिस्थितीत परवानगी देण्याजोगे वापर अशा दोन याद्या असतात. आपल्याला हवा असलेला छोटा वापर, उदाहरणार्थ घरातली पिठाची गिरणी किंवा शिलाईचे दुकान, निवासी झोनमध्येच बसत असेल तर संपूर्ण गल्ली व्यापारी करून मागणे अंगाशी येऊ शकते. त्याच रंगाखाली उद्या शेजारी मंगल कार्यालय किंवा गोदामही उभे राहू शकते.

तपासा: आता वहीतील तिसरा रकाना भरा. आज, कागदावर आणि प्रस्तावित, या तिन्हींतील फरक लाल पेनाने नोंदवा.

सावधान: शेतजमिनीवर पिवळा किंवा निळा रंग आला म्हणजे जमीन बिनशेती झाली असे नाही. महसूल कायद्याखालची प्रक्रिया वेगळी आहे आणि शुल्क भरून ती पूर्ण करावीच लागते. केवळ रंग दाखवून गुंठे विकणाऱ्यांपासून दूर राहावे. कष्टाची पुंजी अशा व्यवहारात अडकलेली कुटुंबे आपल्या शिवारात कमी नाहीत.

## ६. हरकत लिहिणे

एका अर्जात एकच मुद्दा असावा. नाल्याचा मुद्दा, रस्त्याच्या रुंदीचा मुद्दा आणि बागेच्या आरक्षणाचा मुद्दा एकत्र लिहिल्यास एकाचे उत्तर देऊन तिन्ही निकाली काढले जातात.

प्रत्येक अर्जात पाच गोष्टी याच क्रमाने याव्यात: जागा (गाव, सर्वे व हिस्सा क्रमांक किंवा सीटीएस क्रमांक, नकाशाच्या पानाचा क्रमांक), मसुद्यात काय दाखवले आहे, जमिनीवर काय आहे, त्यामुळे कोणाचे काय नुकसान होते, आणि नेमका कोणता बदल हवा. पाचवी गोष्ट बहुतेक अर्जांत नसते. "आमचा तीव्र विरोध आहे" हे वाक्य कितीही मनापासून लिहिले तरी त्यावरून नकाशा दुरुस्त करता येत नाही.

मजकुराचा नमुना असा असू शकतो:

"मौजे ______ येथील सर्वे नं. ____ ते ____ मधील जमीन मसुदा नकाशा पान क्र. ___ वर व्यापारी वापरासाठी दाखवली आहे. या जमिनीच्या पश्चिमेस नाला असून पावसाळ्यात पाणी नाल्याच्या काठापासून सुमारे ___ मीटरपर्यंत पसरते. दि. ______ चे फोटो आणि कच्चा नकाशा सोबत जोडला आहे. येथे भराव झाल्यास पाणी सर्वे नं. ____ मधील घरांकडे वळेल. म्हणून व्यापारी वापर रस्त्याच्या कडेपासून ___ मीटर खोलीपर्यंत मर्यादित ठेवावा आणि उर्वरित भाग शेती अथवा खुल्या जागेच्या वापरात कायम ठेवावा, अशी विनंती आहे. या अर्जावर प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची संधी मिळावी."

या नमुन्यात व्यापारी पट्ट्याची खोली मागितली आहे, याकडे लक्ष द्यावे. रस्त्यालगतचा बाजार हवा आणि मागची शेती व वस्तीही टिकावी असे बहुतेक लोकांना वाटते, पण अर्जात ते "व्यापारी करा" किंवा "करू नका" एवढेच लिहितात. माझ्या मते उपनगरातील बाजारपट्ट्यांसाठी सर्वांत उपयोगी मागणी हीच आहे. तिच्या जोडीला गाड्या उभ्या करण्याची सामायिक जागा, माल उतरवण्याची वेळ आणि जागा, विक्रेत्यांसाठी राखीव पट्टा आणि पाणंद खुली ठेवणे या मागण्या स्वतंत्र अर्जांत जाव्यात.

आपल्या जागेवर बाग, शाळा किंवा रस्ता असे आरक्षण दाखवले असेल तर नुकसानभरपाईचा मुद्दा येथे मांडू नये, कारण तो संपादनाच्या कायद्याचा विषय आहे. येथे पर्यायी जागा सुचवावी, शक्यतो सरकारी किंवा गायरान जमिनीतील, सर्वे नंबरसह. आरक्षण दाखवलेल्या जमिनीबाबत अंतिम प्रसिद्धीपासून पाच वर्षांत संपादनाची कार्यवाही सुरू झाली नाही किंवा ती सामोपचाराने घेतली गेली नाही तर आरक्षण व्यपगत झाल्याचे मानण्याची तरतूद कलम ६९ मध्ये आहे, म्हणून अंतिम प्रसिद्धीची तारीख जपून ठेवावी.

भाषेबाबत आग्रह आणि काम या दोन्हींचा मेळ घालावा लागतो. राज्यात किंवा केंद्रात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम ३५० ने प्रत्येकाला दिला आहे, त्यामुळे मराठी अर्ज देण्यात काहीही गैर नाही. परंतु छाननी करणाऱ्या कर्मचाऱ्याला मजकूर त्याच दिवशी समजावा यासाठी कन्नड प्रत जोडावी, दोन्हींत सर्वे नंबर आणि मागणी तंतोतंत सारखी असावी आणि गावाचे नाव आरटीसीवर जसे लिहिले आहे तसेच लिहावे. सीमाप्रश्न, घरपट्टी, जुन्या रस्त्याची दुरुस्ती हे विषय कितीही जिव्हाळ्याचे असले तरी या अर्जात आणू नयेत. ते आले की आराखड्याबाबतचा मूळ मुद्दा बाजूला पडतो.

सावधान: छापील मजकुरावर शेकडो सह्या घेतल्या तर त्या एकच हरकत म्हणून मोजल्या जाण्याचा धोका असतो. शंभर सह्यांच्या एका अर्जापेक्षा वेगवेगळ्या सर्वे नंबरांचे वीस स्वतंत्र अर्ज अधिक परिणामकारक ठरतात.

## ७. दाखल करणे आणि पोच

सर्व अर्ज पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत दाखल करण्याचे ठरवावे. उरलेले दिवस चुका दुरुस्त करण्यासाठी आणि पूरक कागद देण्यासाठी ठेवावेत. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती कराव्यात, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. "नंतर या, शिक्का मारून देतो" असे सांगितले गेल्यास त्याच दिवशी तोच अर्ज स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशा रीतीने पाठवावा.

सर्व आवक क्रमांकांची एक यादी करून ती दोन ठिकाणी ठेवावी. पुढील प्रत्येक पत्रव्यवहार या क्रमांकावरच चालतो.

## ८. म्हणणे मांडताना

प्राधिकरणाने मुदतीत आलेल्या लेखी म्हणण्याचा विचार करून आपल्या शिफारशींसह आराखडा नगर नियोजन संचालकांमार्फत शासनाकडे पाठवायचा असतो. प्रत्येकाला समक्ष बोलण्याची वेळ मिळेलच असे गृहीत धरू नये, म्हणून अर्ज स्वतःच पुरेसा बोलका हवा. बोलावणे आले तर चौघांपेक्षा अधिक लोकांनी आत जाऊ नये. प्रथम नकाशावर जागा दाखवावी, मग फोटो, मग मागणी. पाच मिनिटांत संपेल अशी तयारी करावी. शक्य असल्यास कन्नडमध्ये बोलणारा एकजण सोबत असावा आणि ज्याचे शेत किंवा दुकान आहे त्याने स्वतः हजर राहावे. शेतकरी स्वतः उभा राहून आपल्या बांधावर पाणी कुठवर येते ते सांगतो तेव्हा ते ऐकले जाते.

चर्चेत तोंडी मान्य झालेल्या गोष्टी त्याच दिवशी पत्राने कळवून त्याचीही पोच घ्यावी.

## ९. त्यानंतरचे महिने

बहुतेक समित्या येथे विसर्जित होतात आणि सर्वांत मोठी चूक येथेच होते. शिफारशींमध्ये आपल्या हरकतीचे काय झाले हे लेखी विचारावे. कार्यालय असे उत्तर हिंबरह म्हणून देते. ते न मिळाल्यास आवक क्रमांक देऊन माहिती अधिकारात हरकतींचा गोषवारा, त्यावरील शिफारस आणि संबंधित ठराव यांच्या प्रती स्वतंत्र अर्जांनी मागवाव्यात. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील करावे.

अंतिम मंजुरीनंतरचा नकाशा मसुद्याशी पानोपान ताडून पाहावा. मान्य झालेली दुरुस्ती रेघेत उतरली आहे का, आणि ज्याबद्दल कोणीही हरकत घेतली नव्हती असा एखादा नवा बदल आत आला आहे का, या दोन्ही गोष्टी तपासाव्यात. तफावत दिसल्यास लगेच लेखी निदर्शनास आणावी आणि पुढील मार्गासाठी वकिलाचा सल्ला घ्यावा.

आराखडा लागू झाल्यानंतरही एकेका जमिनीचा वापर कलम १४-अ खाली बदलता येतो. त्यासाठी बदल सार्वजनिक हिताचा असणे आणि त्या भागात खपणाऱ्या दैनिकात जाहिरात देऊन हरकती मागवणे आवश्यक असते. ही जाहिरात आतल्या पानावर, लहान अक्षरांत आणि केवळ सर्वे नंबरने येते. म्हणून मंडळातील दोघांनी, एकाने मराठी आणि दुसऱ्याने कन्नड दैनिक, रोज जाहिरातींचे पान पाहण्याची जबाबदारी घ्यावी आणि पट्ट्यातील सर्व सर्वे नंबरांची यादी जवळ बाळगावी. नंबर जुळला की वहीतील त्या मिळकतीचे तिन्ही रकाने उघडावेत, नाल्याचे आधी घेतलेले फोटो बाहेर काढावेत, आणि सहाव्या टप्प्यातील पाच गोष्टींचा अर्ज जाहिरातीतील मुदतीच्या आत दाखल करून पोच घ्यावी.